बसणे आणि गप्प बसणे

मराठी भाषेत ‘बसणे’ ह्या एका क्रियापदाने मनुष्यस्वभावाची जितकी चित्रे रंगविली आहेत तितकी दुसऱ्या कोणत्या क्रियापदाने क्वचितच रंगविली असतील. मूल रुसून बसते, भाऊ वाटणीसाठी हटून बसतो, सून मूग गिळून बसते, सेवानिवृत्त सासरे हातावर हात ठेवून बसतात, आणि घरात एखादे माणूस गेले म्हणजे सर्वच जण सुन्न होऊन बसतात. ह्यांपैकी कोणाचेही शरीर हलत नाही; परंतु ह्यांतील एकही मनुष्य स्वस्थ बसला आहे असे कोणी म्हणणार नाही. शरीर बसले म्हणजे मन बसतेच असे नाही, हे सांगावयास शास्त्रग्रंथ नकोत. आमची बोलीच ते रोज सांगत असते. मग रुसवा नाही, हट्ट नाही, गिळलेले मूग नाहीत, असे नुसते बसणे मनुष्यास साधते काय, आणि साधावयाचे तर ते कसे, ह्या प्रश्नाचा विचार ह्या महिन्यात करावा असे आम्ही योजिले आहे.

ह्या ‘नुसते बसण्या’स ज्यांनी साधनेचे सर्वस्व मानले ते लोक म्हणजे झेन पंथाचे बौद्ध. ‘झेन’ हा शब्द कानास परका वाटला तरी तो आपल्याच घरचा आहे. संस्कृतातील ‘ध्यान’ शब्द पालीत ‘झान’ झाला, चीनमध्ये तो ‘चान’ झाला आणि जपानात ‘झेन’. परंपरेप्रमाणे ह्या पंथाचा आद्यपुरुष बोधिधर्म हा भारतातून चीनला गेला आणि शाओलिनजवळ नऊ वर्षे भिंतीकडे तोंड करून बसला, अशी कथा आहे. जपानात सोतो झेनची स्थापना करणारा आचार्य दोगेन ह्याचा जन्म १२०० सालचा आणि मृत्यू १२५३ सालचा. म्हणजे नेवाशास ज्ञानेश्वरी सांगून झाली ती त्याच्या निधनानंतर अवघ्या ३७ वर्षांनी. १८९३ साली शिकागोच्या ज्या सर्वधर्मपरिषदेत स्वामी विवेकानंद बोलले, त्याच परिषदेत जपानचे झेन आचार्य शाकू सोएन हेही उपस्थित होते. आज तर ही विद्या फिरून भारतात आली आहे. कामाकुरा येथे यामादा कोउन ह्या गुरूंपाशी शिकलेले जेझुइट साधू अमा सामी ह्यांनी १९९६ साली तामिळनाडूत कोडाईकॅनालनजीक पेरुमलमलै येथे ‘बोधि झेंडो’ नावाचे झेन साधनास्थान उभारले. महाराष्ट्रात अधिक परिचित आहे ती विपश्यना. सत्यनारायण गोएंका ह्यांच्या प्रयत्नाने इगतपुरीचे धम्मगिरी केंद्र १९७६ पासून तिचे माहेरघर झाले. विपश्यनेत डोळे मिटून शरीरावरील संवेदना निरखतात. झेनमध्ये डोळे अर्धवट उघडे ठेवून बसतात. वाटा निराळ्या, परंतु दोहींचा उगम एकच.

छत्रपती संभाजीनगरच्या वाचकांस ह्या विषयासाठी कोडाईकॅनालपर्यंत किंवा इगतपुरीपर्यंतही जाण्याचे कारण नाही. बीबी का मकबऱ्याच्या पाठीमागील डोंगरात, विद्यापीठाच्या परिसरापासून जवळच, काळ्या कातळात कोरलेली बौद्ध लेणी आहेत. त्यांतील चौथे लेणे, म्हणजे चैत्यगृह, फार जुने असून इतर पुष्कळशी लेणी इसवी सनाच्या सहाव्या शतकाच्या सुमाराची आहेत. वेरूळास घृष्णेश्वराच्या दर्शनास जाणारी आमची मंडळी कैलास लेणे पाहून परत फिरतात. पहिल्या बारा बौद्ध लेण्यांकडे त्यांचे पाय क्वचितच वळतात, आणि गावच्या डोंगरातील लेण्यांकडे तर त्याहूनही क्वचित. बुद्ध हा विष्णूचा नववा अवतार, एवढे म्हणून आपण त्यास देव्हाऱ्याच्या कडेला उभे केले व विषय संपविला. परंतु ह्याच नगरात १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनी मिलिंद महाविद्यालय स्थापिले, आणि मिलिंद राजाच्या प्रश्नांस उत्तरे देणाऱ्या नागसेन भिक्षूच्या नावाने तो सारा परिसर नागसेनवन म्हणून ओळखला जातो. १९५६ साली नागपुरास धर्मांतर झाल्यानंतर लक्षावधी मराठी कुटुंबांस बुद्ध हा दगडातील मूर्ती न राहता जिवंत आश्रय झाला. कोणी ओटीवर बसावे, कोणी अंगणात बसावे आणि कोणी अंगणातही बसू नये, ह्याचे कडक नियम ज्या समाजात शतकानुशतके चालले, त्या समाजाने ‘बसणे’ ह्या विषयावर बोलताना ही गोष्ट विसरू नये असे आम्हांस वाटते. लेण्यातील बुद्धासमोर मात्र बसावयास सर्वांस जागा सारखीच आहे.

आता आसनाचा विचार करू. पुष्कळांची अशी समजूत असते की, ध्यान म्हणजे पद्मासन, आणि पद्मासन म्हणजे कष्ट. पाय दुखले तरी हलू नये, घामाघूम झाले तरी उठू नये, आणि जितके दुखणे अधिक तितके पुण्य अधिक, असा हिशेब मनाशी बांधलेला असतो. वास्तविक आपल्या शास्त्रांचे सांगणे असे नाही. आसन कसे असावे हे सांगताना पतंजलींनी स्थैर्य आणि सुख हे दोनच गुण पुरेसे मानले. गीतेच्या सहाव्या अध्यायातही आसन फार उंच नको, फार खाली नको, आणि त्यावर मऊ वस्त्र अंथरावे, अशी व्यवहारी सूचना आहे. दोगेनने चीनमधून परत आल्यावर १२२७ साली सर्वसामान्यांसाठी बसण्याची एक लहानशी नियमावली लिहिली. तीत तो जाड आसन अंथरावयास सांगतो, त्यावर आणखी एक उशी ठेवावयास सांगतो, पद्मासन किंवा अर्धपद्मासन असे दोन पर्याय देतो, आणि कपडे सैल असावेत ही आठवणही करतो. कान खांद्यांच्या रेषेत, नाक बेंबीच्या रेषेत. पुढे झुकू नये, मागे रेलू नये, उजवीडावीकडे कलू नये. हे सर्व वाचताना एखादी वडीलधारी बाई माहेरी आलेल्या मुलीस नीट बसवीत आहे असे वाटते. शरीरास जिंकावे असे त्यात कोठेही नाही. साधना ही सुखाची वाट आहे असेच तो म्हणतो.

ह्यामागील कारण साधे आहे. मांडी घालून बसताना मांडीचे हाड खुब्याच्या सांध्यात बाहेरच्या बाजूस फिरावे लागते. तो सांधा आखडलेला असला की फिरण्याचे काम गुडघ्यावर पडते. आणि गुडघा हा मुख्यतः वाकण्यासाठी आहे, पीळ सोसण्यासाठी नाही. म्हणून पद्मासनाच्या हट्टाने गुडघे दुखावतात. आमच्या आजोबा-पणजोबांचे खुबे जन्मभर पाटावर बसून सैल राहिले होते. मेज-खुर्चीवर जेवणाऱ्या आणि दिवसभर संगणकापुढे बसणाऱ्या आजच्या पिढीस तो वारसा आपोआप मिळत नाही. ह्यास उपाय उंचीचा आहे. झेन साधक सावरीच्या कापसासारख्या तंतूंनी भरलेली गोल उशी वापरतात. आपल्या घरी जुनी गोधडी घट्ट गुंडाळून किंवा दोन चादरींची घडी करून चार ते सहा बोटे उंचीचे आसन सहज होते. खाली सतरंजी किंवा घोंगडी अंथरावी, आणि ह्या उंच घडीच्या पुढल्या अर्ध्या भागावर बसावे. बैठक गुडघ्यांपेक्षा उंच झाली की कंबर आपोआप किंचित पुढे झुकते, कण्याचा नैसर्गिक बाक राहतो, आणि दोन्ही गुडघे जमिनीस टेकतात. बैठक आणि दोन गुडघे ही तिवई पक्की झाली म्हणजे पाठ सरळ ठेवण्यास बळ लागत नाही. गुडघे अधांतरी राहिले तर आसन आणखी उंच करावे, नाही तर गुडघ्यांखाली लहान उशा द्याव्यात. पाय एकमेकांवर न चढविता पुढेमागे जमिनीवर ठेवले तरी चालते.

डाव्या हाताचा पंजा उजव्या पंज्यात ठेवून अंगठ्यांची टोके एकमेकांस हलकेच लावावीत. अंगठे दाबले जाऊ लागले तर मन ताणले आहे असे समजावे, गळून पडले तर झोप येत आहे असे समजावे. तोंड मिटलेले, जीभ टाळूस लागलेली, हनुवटी जराशी आत, आणि दृष्टी तीन-चार हातांवरील जमिनीवर सैल सोडलेली. आरंभी अंग डावीउजवीकडे डोलवावे, डोलणे हळूहळू लहान करीत मध्यावर थांबावे. म्हणजे आपला मध्य आपणास सापडतो. मग श्वास मोजावेत. प्रत्येक उच्छ्वासास एक, असे दहापर्यंत, आणि पुन्हा एकपासून. अंक चुकला तर चुकला. खंत न करता पुन्हा एकवर यावे. पायास मुंग्या आल्या तर भिण्याचे कारण नाही. परंतु बधिर पायावर एकदम उठून उभे राहू नये, वृद्धांनी तर मुळीच नाही. गुडघ्यात तीक्ष्ण कळ आली तर आसन मोडून नीट बसावे. कळ सोसणे हे येथे तप नव्हे, गुडघ्याच्या दुखण्याचे आमंत्रण होय.

आणि ज्यांस खाली बसताच येत नाही त्यांनी काय करावे? त्यांनी गुडघे टेकून, टाचांवर उशी ठेवून बसावे. नाही तर खुशाल खुर्चीवर बसावे. आमच्या गावच्या तिसऱ्या लेण्यात जाऊन पाहावे. तेथे गर्भगृहातील बुद्ध पाय खाली सोडून आसनावर बसलेला आहे, आणि त्याच्या समोर दोन्ही बाजूंस पुरुषभर मापाचे स्त्री-पुरुष उपासक गुडघे टेकून बसले आहेत. वेरूळच्या दहाव्या, विश्वकर्मा नावाच्या लेण्यातील आणि अजिंठ्याच्या २६व्या लेण्यातील बुद्धही असाच पाय सोडून बसला आहे. ह्यास प्रलंबपादासन म्हणतात. ह्या मूर्ती ध्यान करणाऱ्या नसून उपदेश करणाऱ्या आहेत हे खरे; तथापि पाय खाली सोडल्याने बुद्धाचे बुद्धत्व उणावले असे त्या शिल्पकारांस वाटले नाही. तेव्हा घरातील आजोबांनी खुर्चीच्या पाठीस न टेकता, दोन्ही तळपाय जमिनीवर ठेवून बसण्यात कमीपणा मानू नये.

येथवर शरीराची गोष्ट झाली. खरी अडचण ह्यापुढे सुरू होते. आसन सुखाचे झाले, घरात शांतता झाली, की मनुष्यास वाटते आता मनही शांत होईल. होते उलटेच. सकाळी जावेने मारलेला टोमणा आठवतो, वीस वर्षांपूर्वी वडिलांनी केलेला पक्षपात आठवतो, परदेशी गेलेल्या मुलाचा फोन आला नाही ह्याची काळजी वर येते, आणि कधी कधी काही कारण नसता डोळ्यांस पाणी येते. नवशिका साधक मग म्हणतो, ‘आम्हांस ध्यान जमत नाही.’ वास्तविक जमू लागल्याचेच ते चिन्ह असते. दिवसभर कामाच्या धबडग्यात ज्या भावनांस आपण ओसरीवर ताटकळत ठेवले, त्या घर निवांत झालेले पाहून आत येतात, एवढेच.

अजिंठ्याच्या २६व्या लेण्याच्या भिंतीवर मारविजयाचे मोठे शिल्प आहे. माराची सेना शस्त्रे उगारून बुद्धावर चाल करून येत आहे, त्याच्या कन्या मोह घालीत आहेत. आणि मध्ये बुद्ध उजव्या हाताची बोटे जमिनीकडे करून, पृथ्वीस साक्ष ठेवून बसला आहे. त्याच्या हाती शस्त्र नाही. पण तो डोळेझाक करून पळालेलाही नाही. पाली ग्रंथांतील कथांत मार पुनःपुन्हा निरनिराळी रूपे घेऊन येतो, आणि बुद्ध प्रत्येक वेळी त्यास ओळखतो. ओळखले गेल्याबरोबर मार खट्टू होऊन निघून जातो. बोध झाल्यावरही मार येतच राहिला, ही गोष्ट आमच्या वाचकांनी नीट ध्यानात घ्यावी. बुद्धासही जो टळला नाही तो आपणास पंधरा मिनिटांच्या बैठकीत टळावा, ही अपेक्षा अंमळ जास्त होय.

आमच्या गावच्या सातव्या लेण्याच्या ओसरीत ह्याच विषयाचे दुसरे शिल्प आहे. मध्ये अवलोकितेश्वर बोधिसत्त्व उभा असून त्याच्या दोन्ही बाजूंस चार-चार अशी आठ संकटे कोरली आहेत: आग, तलवारधारी वैरी, बेड्या, बुडते जहाज, सिंह, सर्प, पिसाळलेला हत्ती आणि मृत्यू. प्रत्येक चौकटीत भ्यालेली माणसे त्याचा धावा करीत आहेत. व्यापाऱ्यांच्या मार्गावरील ह्या देशात ही संकटे शब्दशः खरी होती. परंतु पुढील काळात हिमालयाकडील बौद्ध परंपरेने तारादेवीच्या संदर्भात ह्याच जातीच्या आठ भयांचा आतला अर्थ लावला: सिंह म्हणजे गर्व, हत्ती म्हणजे मोह, आग म्हणजे क्रोध, साप म्हणजे मत्सर, चोर म्हणजे खोटी समजूत, बेडी म्हणजे कृपणता, पूर म्हणजे आसक्ती, आणि पिशाच्च म्हणजे संशय. ह्या यादीत आपले सहाही षड्रिपू जवळपास जसेच्या तसे आले आहेत. भेद आहे तो एका शब्दाचा. आपण त्यांस ‘रिपू’ म्हटले. शत्रू म्हटले की युद्ध आले, आणि युद्ध आले की हार किंवा जीत आली. ‘भय’ म्हटले की निराळा प्रश्न उभा राहतो: हा मनुष्य कशास भ्याला आहे? रागावलेल्या माणसास हा प्रश्न पुसून पाहावा. पुष्कळदा रागाच्या तळाशी, ‘ह्या घरात माझी किंमत उरली नाही’ हे भयच सापडते.

म्हणून बसले असता राग आला तर त्यास हाकलू नये, आणि त्याच्या मागेही जाऊ नये. प्रथम तो शरीरात कोठे आहे ते पाहावे. जबडा आवळला आहे काय? छातीत ऊब आहे काय? पोटात गोळा आहे काय? ‘जाऊबाईंनी असे म्हणावयास नको होते’ ही कथा मनाने सुरू केली की तिला शेवट नसतो. जबडा आवळल्याची जाणीव मात्र काही श्वासांतच बदलू लागते. मनाशी एवढेच म्हणावे, ‘हा राग आहे.’ ‘मी रागीट आहे’ असे नव्हे. मग श्वासाचा अंक जेथे सुटला असेल तेथून पुन्हा एकवर यावे. दुःखाचेही तसेच. दोगेनची आई तो लहान असतानाच गेली; तिच्या अंत्यविधीच्या वेळी उदबत्तीचा धूर वर जाऊन विरताना पाहून त्यास अनित्यतेचे पहिले भान झाले, असे त्याचे चरित्रकार सांगतात. त्याचा शोक कोणी पुसला नाही. त्या शोकातूनच त्याची वाट निघाली.

येथे एक धोक्याची सूचना देणे आम्ही आपले कर्तव्य समजतो. आपल्या घरांत ‘शांत बस’ हे वाक्य बहुधा आज्ञेच्या स्वरात उच्चारिले जाते, आणि ते बहुधा सुनेस, विधवेस किंवा लहान मुलास ऐकावे लागते. त्याचा खरा अर्थ ‘गप्प बस’ असा असतो. ध्यानाच्या नावाखाली हीच जुनी आज्ञा नव्या वेषात घरात येऊ देता कामा नये. गप्प बसणारा मनुष्य भावना गिळतो. शांत बसणारा तिला पाहतो. गिळलेली गोष्ट पोटात राहते व कधी तरी उलटते. पाहिलेली गोष्ट समजते, आणि समजल्यावर ती योग्य वेळी, योग्य माणसापाशी, योग्य शब्दांत बोलता येते. पैठणच्या एकनाथांची कथा सर्वांस ठाऊक आहे. गोदावरीचे स्नान करून येताना एक मनुष्य त्यांच्या अंगावर पुनःपुन्हा थुंकला, आणि नाथ पुनःपुन्हा स्नानास गेले. ही कथा आम्हांस प्रिय आहे. परंतु ती सांगताना एवढे विसरू नये की, नाथांनी ती शांती स्वतः निवडली होती, कोणी त्यांच्यावर लादली नव्हती. दुसऱ्यास सोसावयास लावण्यासाठी जो ह्या कथेचा दाखला देतो, तो नाथांच्या बाजूस उभा नसून थुंकणाऱ्याच्या बाजूस उभा आहे.

आणखीही एक गोष्ट. बैठक हे औषध नव्हे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय शाळेत झेनचे शिक्षण घेतलेल्या जॉन कबाट-झिन ह्यांनी १९७९ साली जुनाट दुखण्यांच्या रुग्णांसाठी ध्यानाचा आठ आठवड्यांचा क्रम सुरू केला, आणि तेव्हापासून वैद्यांनीही ह्या विद्येकडे लक्ष दिले आहे. तथापि तीव्र शोक, खिन्नता, भयाचे झटके किंवा मनाचा पूर्वीचा आजार असणाऱ्यांस दीर्घकाळच्या मौनशिबिरात झोप उडणे, भीती वाढणे असे त्रास होऊ शकतात. अशांनी आधी मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा, चालू औषध आपल्या मनाने बंद करू नये, आणि बसताना अस्वस्थता अनावर झाली तर उठून चालावे. झेनमध्येही दोन बैठकींच्या मध्ये सावकाश चालण्याचा पाठ असतोच. चालणे हाही बसण्याचाच भाग मानला आहे.

आरंभ कसा करावा? दहा मिनिटांनी करावा. उदबत्ती लावून ती विझेपर्यंत बसण्याची झेन मठांतील रीत जुनी आहे. आपल्या देवघरात उदबत्ती आहेच, फक्त पहिले काही महिने तिचा लहानसा तुकडा पुरे. वेळ एकच ठेवावी, जागा एकच ठेवावी, आणि आज बैठक चांगली झाली की वाईट झाली ह्याचे गुण देत बसू नये. घरातील सर्वांनी एकत्रच बसले पाहिजे असा आग्रहही नको. कोणी बसेल, कोणी फुलझाडांस पाणी घालील.

मात्र एका व्यवस्थेवाचून हे सर्व सांगणे फोल ठरेल, आणि ती व्यवस्था घरातील वडील मंडळींच्या हातची आहे. आजोबांची बैठक रोज सकाळी निर्वेध पार पडते, कारण त्या वेळी दूध, दार आणि नातवंडांचे डबे दुसरे कोणी तरी पाहत असते. ते दुसरे कोणी बहुधा एकच असते. तिलाही दहा मिनिटे सुखासनात बसावयाचे असेल, आणि दिवसभर मनात ताटकळलेल्यांस एकदा आत येऊ द्यावयाचे असेल, तर तेवढा वेळ दूध उतू जाऊ नये म्हणून शेगडीपाशी कोणी तरी उभे राहावे लागेल. सासऱ्यांनी किंवा मुलाने हे काम पत्करले तर त्या घरात साधनेस खरी सुरुवात झाली असे आम्ही समजू.